आधी सरकी, मग पऱ्हाटी: गरीब देशांत कापसाच्या उपपदार्थांचा धंदा कसा उभा राहतो

प्रश्न विचारणारी मुलगी आपल्याकडचीच आहे. टांझानियात म्वांझाच्या आसपास शेतकरी संस्थांबरोबर काम करते. तिथल्या कापूस उत्पादकांना रुईच्या पलीकडे चार पैसे मिळावेत म्हणून पऱ्हाटीपासून, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरलेल्या कापसाच्या काड्यांपासून, पार्टिकल बोर्ड किंवा पेलेट (जळणाच्या गोळ्या) करायचा कारखाना टाकायचं तिच्या संस्थेत घाटतं आहे. यंत्रं नागपूरकडून मागवावीत का, तयार माल कुठे विकावा आणि यातून गरीब शेतकऱ्याच्या हाती खरंच काही पडेल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

माझी पस्तीस वर्षं जिनिंग, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायचं काम, आणि तेलगिरणीत गेली. सुरुवात यवतमाळ जिल्ह्यात झाली, मग पूर्व आफ्रिकेत आणि थोडंफार पश्चिम आफ्रिकेतही सल्ल्याच्या कामासाठी जाणं-येणं राहिलं. तेव्हा तिलाच उद्देशून आधी स्पष्ट सांगतो: पऱ्हाटीपासून सुरुवात करू नका. सरकीपासून करा. आणि सरकीचंही यंत्र सर्वात शेवटी घ्या.

हिशेब मांडून बघा. एक टन कापूस जिनमध्ये गेला आणि रुईचा उतारा ३८ टक्के धरला, तर ३८० किलो रुई आणि ५९० किलोच्या आसपास सरकी निघते. बाकी घट आणि कचरा. म्हणजे वजनाने कापसाचा मोठा भाग सरकीच आहे. ही सरकी टरफलासकट सरळ एक्सपेलरला, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्राला, घातली, तर ७० किलोच्या आसपास तेल आणि ४९० किलो ढेप मिळते. त्या ढेपेत सहा-सात टक्के तेल तसंच अडकून राहतं. आपल्या विदर्भ-खानदेशातली बहुतेक सरकी आजही अशीच गाळली जाते. तीच सरकी शास्त्रीय पद्धतीने नेली, म्हणजे आधी लिंटर (सरकीला चिकटलेले आखूड तंतू) काढला, मग टरफल सोडवलं आणि मगजातून सॉल्व्हंटने तेल ओढलं, तर ९४-९५ किलो तेल, ४० टक्क्यांच्या घरात प्रथिनं असलेली २६५ किलो पेंड, १५० किलो टरफल आणि ४५-५० किलो लिंटर असा उतारा बसतो.

कागदावर दुसरी पद्धत सरस दिसते, आणि ती सरस आहेच. पण तिला दिवसाला शंभर-दीडशे टन सरकी वर्षातले आठ-नऊ महिने लागते. हेक्झेन हे तेल ओढून घेणारं रसायन लागतं, ते हाताळणारी माणसं लागतात, खंड न पडणारी वीज लागते. तुमच्या भागातले जिन जून-जुलैत सुरू होतात आणि पीक बेताचं असेल त्या वर्षी ऑक्टोबरच्या आत शांत होतात. अशा ठिकाणी सॉल्व्हंट प्लांट टाकला की तो कर्जाच्या व्याजाखालीच दबतो. आज एक्सपेलर, सोबत छोटी पण नीट चालणारी रिफायनरी, आणि सरकी साठवायला कोरडी वखार. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

वखारीवर मी थोडा थांबणार आहे, कारण पैसा तिथे बुडतो आणि कुठल्याही प्रकल्प अहवालात तिला अर्ध्या पानाहून जास्त जागा मिळत नाही. टांझानियातल्याच शिन्यांगाकडच्या एका जिनच्या आवारात मी उभा होतो. सरकीचा ढीग दोन पुरुष उंच, वर फाटकी ताडपत्री, आणि आदल्या आठवड्यात अवकाळी शिडकावा होऊन गेलेला. वरून सरकी कोरडी खडखडीत. मी कोपरापर्यंत हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला, उकिरड्यात घातल्यासारखं गरम लागलं. आंबूस वास सुटलेला. आतली मूठभर सरकी घेऊन चाकूने उभी चिरली. चांगल्या सरकीचा मगज मलईच्या रंगाचा असतो आणि त्यात काळे बारीक ठिपके दिसतात. इथे मगज तपकिरी, ठिपके ओळखू येईनात. जिनचा मालक म्हणाला, तेल तर निघतं ना? निघतं, पण त्यातली आम्लं, आपण ज्याला एफएफए म्हणतो ती, इतकी वाढलेली असतात की शुद्ध करताना एफएफएच्या टक्क्याहून जास्त टक्के तेल सोपस्टॉक म्हणजे साबणासारख्या गाळातून वाहून जातं. आणि रंग एकदा पक्का बसला की ब्लीचिंगच्या मातीनेही हटत नाही. सरकीची ओल दहा टक्क्यांच्या आत ठेवायची, ढीग लहान ठेवायचे, मधून हवा खेळवायची आणि रोज चार ठिकाणी हात घालून बघायचं. हे काम यंत्र करत नाही, त्याला पगारी माणूस लागतो.

ते काळे ठिपके म्हणजे गॉसिपॉलच्या ग्रंथी. या एका द्रव्यामुळे कापसाचे उपपदार्थ इतर तेलबियांहून अवघड झाले आहेत. कीड दूर ठेवायला झाड ते तयार करतं, पण माणूस, डुक्कर, कोंबडी आणि लहान वासरू यांना ते बाधतं. मोठ्या गाई-बैलांच्या कोठीपोटात त्याचा बराचसा जोर मोडतो, म्हणून ढेप त्यांना चालते, तीही प्रमाणात. कोंबडीला दिली तर साठवणीत अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि अंडेवाला पुन्हा तुमच्या दारात येत नाही. तेलातलं गॉसिपॉल कॉस्टिकने धुतल्यावर निघून जातं. म्हणून कच्चं सरकी तेल खाण्यासाठी विकायचं नाही, कितीही मागणी असली तरी. पश्चिम आफ्रिकेत माली आणि बुर्किना फासोमध्ये शेकडो लहान घाण्यांपैकी कितीतरी ठिकाणी तेल नुसतं उकळून, मीठ घालून, गाळून बाजारात जातं. तिथल्या गरीब कुटुंबाला ते स्वस्त पडतं म्हणून खपतं. शेतकऱ्याचं भलं करायला निघायचं आणि त्याच्याच चुलीवर हे तेल पाठवायचं, हे मला कधीच पटलं नाही. तुमच्या प्रकल्पात न्यूट्रलायझेशनची, म्हणजे तेल कॉस्टिकने धुवायची, टाकी नसेल, तर एक्सपेलर घेऊ नका. धुताना निघालेल्या सोपस्टॉकचा साबण होतो, आणि साबण खेड्यापाड्यात रोख विकला जातो. चाडमध्ये मुंडूला सरकीचं तेल आणि साबण एकाच आवारात फार वर्षांपासून होतात.

गॉसिपॉल नसलेली सरकी हे जुनं स्वप्न आहे. ग्रंथी नसलेल्या जाती १९५०च्या दशकापासून माहीत आहेत, पण झाडातलंच संरक्षण गेल्यामुळे किडी आणि उंदीर त्यांच्यावर तुटून पडायचे. टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांनी दुसरी वाट काढली. झाडात गॉसिपॉल राहू द्यायचं, फक्त बीमध्ये कमी करायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये त्या कापसाला लागवडीची वाट मोकळी केली आणि २०१९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने तो खाण्यासाठी मान्य केला. ते बियाणं आफ्रिकेतल्या कोरडवाहू शेतात कधी पोहोचेल यावर तुमचा प्रकल्प टांगून ठेवू नका, पण लक्ष जरूर ठेवा. तसं झालं तर सरकीची पेंड माणसाच्या ताटात येऊ शकेल.

आता ढेपेकडे येतो. तुमच्या भागातलं सर्वात मोठं बलस्थान मला इथे दिसतं. शिन्यांगा, सिमियु, म्वांझा हा सुकुमा लोकांचा मुलूख. तिथे कापूस पिकवणारा आणि गुरं राखणारा माणूस एकच असतो. जूनमध्ये तो कापूस काट्यावर घालतो, आणि सप्टेंबरात गवत संपलं की त्याच्याच गाईच्या बरगड्या मोजता येतात. त्याच वेळी त्याच्याच कापसाची ढेप, तिकडे तिला मशुडू म्हणतात, ट्रकने केनियाच्या दुग्धव्यवसायाकडे किंवा शहरालगतच्या गोठ्यांकडे जात असते. जो भाव केनियाचा व्यापारी देतो तो गावातला माणूस रोखीने देऊ शकत नाही, एवढीच अडचण आहे. कापूस घालतानाच, सरकीच्या वाट्यापोटी अमुक किलो ढेप सप्टेंबरात परत मिळेल अशी नोंद संस्थेच्या वहीत झाली, तर रोखीचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडच्या काही सहकारी दूध संघांची पद्धत वेगळी नाही, दुधाच्या बिलातून पशुखाद्य वळतं होतं. टांझानियात कापूस अ‍ॅमकॉस म्हणजे प्राथमिक सहकारी संस्थांमार्फत गोळा होतो, म्हणजे वही आणि काटा आधीपासून आहे.

पण त्यासाठी एक गाठ सोडवावी लागेल, आणि ती यंत्राची नाही. सरकी कुणाची? शेतकरी कापूस विकतो त्या क्षणी सरकी जिनवाल्याची होते. यवतमाळला किंवा अकोल्याला कापसाचा भाव ठरताना व्यापाऱ्याच्या डोक्यात रुई आणि सरकी असे दोन आकडे एकदम फिरत असतात. सरकी क्विंटलमागे दोनशे रुपयांनी उतरली की दुसऱ्या दिवशी कापूसही खाली येतो, चढली की चढतो. ढेपेचे तर अकोल्याच्या नावाने वायद्यांचे सौदे होतात, खेड्यातला पोरगाही मोबाईलवर भाव बघतो. शेतकऱ्याला सरकीचे पैसे वेगळे दिसत नसले तरी मिळतात, कारण बाजार समितीत बोली लावणारे दहा जण असतात. टांझानियात हंगामाच्या तोंडावर किमान भाव जाहीर होतो, पश्चिम आफ्रिकेत बहुतेक देशांत एकच कंपनी आपल्या भागातला सगळा कापूस ठरल्या भावाने उचलते. त्या भावाचं गणित जगातल्या रुईच्या किमतीवर बेतलेलं असतं. सरकीचा भाव वाढला तर शेतकऱ्यापर्यंत तो आपोआप पोहोचायची वाटच नाही. त्यामुळे सरकीची किंमत कितीही वाढवा, वाढलेला पैसा वरच्या मजल्यावर थांबतो. भावाच्या सूत्रात सरकीचा स्वतंत्र रकाना घालून घेणं, किंवा शेतकऱ्यांच्या संघाला गिरणीत भाग मिळवून देणं, असे दोनच मार्ग मला दिसतात. बुर्किना फासोत १९९९ मध्ये शेतकऱ्यांच्या संघाने सोफिटेक्स या कापूस कंपनीतच भाग घेतले होते. त्यामुळे सगळं सुरळीत झालं असं नाही, पण हिशेब मागायला टेबलाशी खुर्ची मिळाली.

सरकीचा पुरवठा हातात नसताना मोठी गिरणी काय होते, ते मालीत कुलिकोरोला बघायला मिळालं. देशातली सर्वात मोठी सरकारी तेलगिरणी २००५ मध्ये खासगी झाली. पुढच्या काही वर्षांत देशाचं कापूस उत्पादन घसरलं, असलेल्या सरकीला लहान गिरण्यांचे वाटेकरी झाले, आणि ती गिरणी थंडावली. कामगार थकलेल्या पगारासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. यंत्रं चांगली होती. सरकी नव्हती.

लिंटर तूर्त सोडून द्या. नोटांचा कागद, औषधी कापूस, सेल्युलोज, स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज, असे त्याचे उपयोग मोठे आहेत. पण गिऱ्हाईक एकाच प्रतीचा माल शेकडो टनांनी, दर महिन्याला मागतं. दहा जिनांची सरकी एकत्र आणायची ताकद येईल तेव्हा तो विषय काढा.

राहिली पऱ्हाटी. तुमचा मोह मला समजतो, कारण ती फुकट दिसते. पीक संपल्यावर शेतकरी ती उपटून जाळतो, आणि जाळतो ते आळसाने नाही. गुलाबी बोंडअळी उरल्यासुरल्या बोंडांत तग धरते, म्हणून ठरावीक तारखेच्या आत शेत साफ करायचा नियमच आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या कापूस देशांत आहे. फरदड ठेवून, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक उभं राखून, आपण महाराष्ट्रात काय भोगलं ते तुम्ही घरी ऐकलं असेलच. तेव्हा पऱ्हाटी उचलली गेली तर शेतकऱ्याची मेहनत वाचते, धूर वाचतो, अळीची साखळीही तुटते. हेतू उत्तम आहे.

अडतं ते वाहतुकीत. उपटलेली पऱ्हाटी ट्रकमध्ये रचून बघा. ट्रक दोरखंड बांधून शिगोशीग भरतो आणि काट्यावर जेमतेम दीड-दोन टन उतरतो. डिझेल जळतं ते हवा वाहून न्यायला. म्हणून पऱ्हाटीचे तुकडे शेताच्या बांधावरच व्हायला हवेत. ट्रॅक्टरवर चालणारा चिपर गावोगाव फिरवला की त्याच ट्रकमध्ये तिप्पट-चौपट वजन बसतं. मुळाची माती झटकून टाकलीच पाहिजे, नाहीतर वाळू ब्रिकेट (जळणाच्या दाबलेल्या कांड्या) करायच्या यंत्राचा साचा खाऊन टाकते. तुमच्याकडे एकरी कापूसच दोन-तीन क्विंटल पिकतो, म्हणजे झाडं लहान. एकरी टनभर पऱ्हाटी धरली तरी दिवसाला वीस टनांचा बोर्डाचा कारखाना तीनशे दिवस चालवायला सहा हजार एकर लागतील, आणि तो सगळा माल दोन-अडीच महिन्यांत, पावसाआधी गोळा करून वर्षभर कोरडा ठेवावा लागेल. सहा हजार एकर म्हणजे तिथले दोन-तीन हजार शेतकरी.

पार्टिकल बोर्ड पऱ्हाटीपासून उत्तम होतो, यात शंका नाही. माटुंग्याच्या सिरकॉटने, म्हणजे १९२४ पासून कापसावर काम करणाऱ्या आपल्या केंद्रीय संस्थेने, ते तंत्र बसवून दाखवलं आहे. पण बोर्डाला लागणारा रेझिन, म्हणजे तुकडे चिकटवणारा डिंक, तुम्हाला आयात करावा लागेल, आणि टांझानियाच्या दक्षिणेला मुफिंडीच्या पाइन जंगलांतून लाकडाचा माल बाजारात येतोच आहे. त्याच्याशी भावात टक्कर घेणं कठीण. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एका देशात मी बोर्डाची प्रेस बघितली, मदतीच्या पैशातून आलेली. दोन वर्षांनंतरही ती लाकडी पेटीतच होती, वर वायरिंगचा नकाशा चिकटवलेला. वीज जोडणीचा खर्च कुणी धरलाच नव्हता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ब्रिकेट जमू शकतात, पण घरगुती चुलीसाठी नाही. दार-एस-सलामची बाई लाकडी कोळशावर स्वयंपाक करते, तिला धुराची कांडी नको असते, आणि म्वांझाहून ते शहर हजारच्या वर किलोमीटर आहे. जवळची गिऱ्हाईकं शोधा. तेलगिरणीचा स्वतःचा बॉयलर, विटाभट्ट्या, बेकऱ्या आणि वसतिगृहाच्या शाळा. टांझानिया सरकारने मोठ्या संस्थांच्या स्वयंपाकघरांतून लाकूड-कोळसा हटवायला घेतला आहे, त्यामुळे शाळांना पर्याय हवाच आहे. नागपूरकडे कारखान्यांचे बॉयलर आणि काही घाटांवरचे अंत्यसंस्कारसुद्धा शेतकचऱ्याच्या ब्रिकेटवर होतात, ते एकदा बघून जा. सिरकॉटच्या नागपूर केंद्रात आफ्रिकेतले जिनवाले प्रशिक्षणाला येतात, आणि अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेच्या ज्या प्रकल्पात टांझानिया, युगांडा, झांबिया आणि झिंबाब्वे होते त्यातूनही इकडच्या तंत्राशी ओळख झालेली माणसं तिकडे आहेत. त्यांना गाठा. आणि बायकांच्या गटांना हंगामाबाहेर रोख हवी असेल तर पऱ्हाटीच्या भुशावर धिंगरी अळिंबी घ्या. तुकडे उकळत्या पाण्यातून काढायचे, पिशव्या भरायच्या, झोपडीत टांगायच्या. भांडवल थोडं लागतं आणि उरलेल्या भुशाचं खत होतं. गटाला लागेल तेवढी पऱ्हाटी गावातच मिळते, ट्रक लागत नाही.

निर्यातीबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, जकात हा आज मोठा अडसर नाही. भारताने अतिगरीब देशांसाठी २००८ मध्ये जकातमाफी आणली आणि २०१४ मध्ये ती ९८ टक्क्यांहून जास्त वस्तूंवर नेली. जागतिक व्यापार संघटनेच्या डिसेंबर २०१५च्या नैरोबी परिषदेतल्या कापसाच्या निर्णयात तर रुईबरोबर सरकी, तिचं तेल, लिंटर आणि ढेप यांचीही यादी आहे. अडतं ते प्रतीवर आणि भाड्यावर. युरोपात पशुखाद्याच्या कच्च्या मालात अफ्लाटॉक्सिन बी१ हे बुरशीचं विष किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, आणि ढेपेतल्या मोकळ्या गॉसिपॉलवरही मर्यादा आहे. भिजलेल्या सरकीची ढेप त्या चाचणीत उतरणार नाही. उतरली तरी ढेप स्वस्त आणि वजनदार, बंदरापर्यंत नेताना भाडंच नफा खातं. चाड किंवा मालीसारख्या समुद्र नसलेल्या देशाला तर दुसऱ्या देशाचं बंदर गाठावं लागतं. तुमचा खरा परदेशी बाजार व्हिक्टोरिया सरोवरापलीकडे केनियात आहे.

एक गोष्ट मनात सलते ती बोलतो. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली ती श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानांविरुद्ध, त्या अनुदानांनी त्यांच्या रुईचा भाव पडतो म्हणून. अनुदानाची वाटाघाट रखडली, आणि मग उपपदार्थांवर अभ्यास, परिषदा, निधी सुरू झाले. उपपदार्थांचं काम चांगलंच आहे, मी आयुष्य त्यात घातलं. पण ढेप आणि साबण देऊन रुईच्या भावाची मूळ तक्रार मिटली असं कुणी म्हणत असेल, तर ते मान्य करू नका. ब्राझीलने तीच लढाई तक्रार लावून लढली, २०१४च्या तडजोडीत अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेतले, आणि पुढे ब्राझीलच्या कापूस संस्थेच्या पैशातून टांझानियासह आफ्रिकेच्या काही देशांत कापूस शेतकऱ्यांसाठी उपपदार्थांचं काम सुरू झालं. चाडकडे अशी तक्रार लढवायला वकील नाहीत.

पहिल्या हंगामात कारखाना नको. तुमच्याजवळच्या एका जिनशी बोलून दोन-तीन अ‍ॅमकॉसपुरता करार करा: सरकी वेगळी मोजली जाईल, शेडमध्ये राहील, तिथल्याच चालू गिरणीत मजुरीवर गाळून घेतली जाईल आणि ढेप सप्टेंबरात सभासदांना परत जाईल. ओल मोजायचं एक मीटर आणि एफएफए तपासायला ब्युरेट, अल्कली आणि फिनॉल्फ्थेलिन एवढीच खरेदी. आणि मला तीन गोष्टी पाठवा: मागच्या दोन हंगामांच्या काट्याच्या पावत्यांचे फोटो, जिनच्या आवारातल्या सरकीच्या ढिगाचे फोटो, आणि म्वांझाच्या बाजारात जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मशुडूच्या पोत्याचा महिनावार भाव. फोटोंत ताडपत्रीखाली काय आहे तेही दिसू द्या. हिशेब मी मांडून देतो.